मॅडम, तुम्ही आधी खाका मागितलात

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असाल. पण कोर्ट नाक्यावर पहिल्या दिवशी तोंडातून ‘मॅडम’ निघालं आणि तेच पुढे राहिलं. माझं ब्लाउजचं डिझाईन एका दुकानाने उचललं होतं, ते काम संपल्यावर मी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तर तुम्ही तो हात जोडून परत दिलात. विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात पक्षकाराकडून काही घेता येत नाही, असं म्हणालात. पुडा परत घरी आणला, पण आभार तसेच राहून गेले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ब्लाउजवर भरतकाम करणाऱ्या, साड्या रंगवणाऱ्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद पसरून डिझाईन काढणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ठाण्यात आहेत. मला जे ठाऊक नव्हतं, ते त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक नसणार.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या गुढीपाडव्याला पाच दिवस उरले होते. स्वागतयात्रेसाठीचे ब्लाउज द्यायचे म्हणून आमच्याकडे रात्री बारापर्यंत दिवे चालू असायचे. जांभळी नाक्यावरून अस्तराचं कापड घेऊन परत येताना एका दुकानाच्या काचेत माझं डिझाईन दिसलं. पाठीवर खारफुटीची मुळं, त्यात उभे असलेले पाच रोहित पक्षी (फ्लेमिंगो), खाली पाण्याची चंदेरी रेघ. किंमत अकराशे. माझ्याकडे तोच ब्लाउज बत्तीसशेला जातो, कारण एका पाठीवर हाताने भरतकाम करणाऱ्या आमच्या चाचांचे अडीच दिवस जातात. इथे ते सगळं कॉम्प्युटर मशीनवर भरलेलं होतं. मी रस्त्यावरच उभी राहिले. हातातली पिशवी खाली ठेवल्याचंही मला कळलं नाही. त्याच रात्री मुलीने एका ऑनलाइन ॲपवरही तोच ब्लाउज शोधून काढला. विकणारा तोच होता.

ते डिझाईन कुठून आलं, ते तुम्हाला सांगितलंच होतं, इथेही सांगते. मुलीच्या हट्टापायी आम्ही ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटीतून खाडीत गेलो होतो. आपल्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, हे मुलीनेच बोटीत मला वाचून दाखवलं. मी मात्र चिखलातून वर आलेली ती मुळं पाहत होते. हजारो बोटं वर काढल्यासारखी. पैठणीवर मोर असतो, पोपट असतो. आमच्या खाडीचा पक्षी पाठीवर का नको, असं मनात आलं. पाच महिने कागद फाडत राहिले तेव्हा कुठे ती पाठ जमली.

मी तुमच्यासमोर आले तेव्हा रागाने थरथरत होते. दुकानाचं नाव घेऊन इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकून झाली होती आणि पोलीस स्टेशनला जायचं ठरवलं होतं. तुम्ही आधी ती पोस्ट काढायला लावलीत. आपली बाजू खरी असली तरी असं लिहून उलट आपल्यावरच बदनामीची केस येऊ शकते, आणि कॉपीराइटच्या नावाने बिनबुडाची धमकी दिली तर समोरच्यालाही कायद्याने दाद मागता येते, हे तुम्ही शांतपणे समजावलंत. मी टेबलावर दोन्ही ब्लाउज ठेवले. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंही नाहीत. ‘ताई, ब्लाउज राहू द्या. कागद कुठे आहे?’ असं विचारलंत.

कागद म्हणजे खाका. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डिझाईन ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं, मग रेघेवरून सुईने जवळजवळ भोकं पाडायची. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की भोकांतून ठिपके कापडावर उमटतात आणि त्या ठिपक्यांवर आरीची सुई चालते. आमच्याकडे खाका जुना झाला की टाकून देतात. चाचांनी हा टाकला नव्हता, राबोडीतल्या त्यांच्या खोलीत अड्ड्यामागे, म्हणजे भरतकामाच्या चौकटीमागे, गुंडाळून ठेवला होता. मूळ पेन्सिलचं चित्र माझ्या मुलीच्या जुन्या चित्रकलेच्या वहीत होतं, खाली तारीख टाकलेली. ती तारीख मी टाकली नव्हती. मुलीने सवयीने टाकली होती.

तुमचा दुसरा प्रश्न आजही कानात आहे. ‘आतापर्यंत किती पीस काढलेत? अंदाजे नको, मोजून सांगा.’ मला वाटलं, नुकसान किती झालं ते मोजायचं असेल. ऑर्डरची वही उघडली. अडतीस. तुम्ही खुर्चीत मागे टेकलात आणि पहिल्यांदाच हसलात.

मग तुम्ही जे सांगितलंत ते मला अर्धवट समजलं होतं, घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचल्यावर पूर्ण समजलं. माझं चित्र काढून झालं त्या क्षणी त्यावर माझा कॉपीराइट आला, नोंदणी असो वा नसो. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १५ कपड्याच्या धंद्यासाठी फार कडक आहे. जे डिझाईन डिझाईन्स कायद्याखाली नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या कारखानदारी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त प्रती मालकाने किंवा त्याच्या परवानगीने काढल्या की कॉपीराइट संपतो. एक्कावन्नाव्या प्रतीला हक्क गेला. मी घाबरून विचारलं, त्या दुकानदाराने तर शंभरावर काढले असतील? तुम्ही म्हणालात, त्याचे मोजायचे नाहीत, ताई, तुमचे मोजायचे.

नावाजलेल्या फॅशन डिझायनरांनाही हा आकडा सोडत नाही, हे तुम्ही दोन निकालांवरून दाखवलंत. तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली कपड्यांसाठी काढलेली रेखाटनं आणि कापडावरची नक्षी यांना कलाकृती मानलं आणि मनाई हुकूम कायम ठेवला. प्रती पन्नासच्या आत होत्या. त्याच न्यायालयात २०१६ साली रितू कुमार यांच्या कंपनीला मात्र ते संरक्षण मिळालं नाही, कारण पन्नासचा आकडा ओलांडला होता आणि डिझाईनची नोंदणी नव्हती. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर चरईतल्या दोन खोल्यांतल्या मला कोण विचारतो, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘कायदा तुमची खोली नाही बघत, तुमची वही बघतो.’ हाताने भरलेली पाठ ही ‘कारखानदारी पद्धत’ ठरते का, यावरही वाद घालता येईल असं तुम्हाला वाटत होतं. पण त्या भरवशावर बसू नका, आकड्याच्या आत आहात तर आकड्यावरच उभ्या राहा, हा तुमचा सल्ला होता.

आपलं प्रकरण चालू असतानाच, १५ एप्रिल २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. तुम्ही तो निकाल छापून आणून माझ्यासमोर ठेवलात. चित्र ही निव्वळ कलाकृती आहे, की तिच्यावरून उत्पादनावर उतरवलेलं डिझाईन आहे, हे आधी पाहायचं. कॉपीराइट लागू होत नसेल तर वस्तूचा उपयोग मुख्य की तिचं दिसणं मुख्य, हे पाहायचं, अशा दोन पायऱ्या न्यायालयाने घालून दिल्या. ट्रेलरच्या निकालाने माझ्या ब्लाउजचा प्रश्न कसा सुटतो, हे समजावण्यासाठी तुम्ही संध्याकाळी साडेसहापर्यंत बसलात. प्राधिकरणाचं मानधन या कामाला किती मिळतं ते मला नंतर कळलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता त्या खाक्याबद्दल.

तुम्ही पाठवलेल्या नोटिशीला दुकानदाराचं उत्तर आलं की हे डिझाईन बाजारात सगळीकडे मिळतं आणि तो गेल्या दिवाळीपासून विकतो आहे. माझा पहिला ब्लाउज दसऱ्याचा, म्हणजे जेमतेम काही आठवड्यांचं अंतर. माझं तोंड उतरलं. तुम्ही खाका मागवलात, खिडकीच्या काचेला लावलात आणि माझे पाच-सहा ब्लाउज ओळीने मांडायला सांगितलेत. तिसऱ्या पक्ष्याच्या पायापाशी तुमचं बोट थांबलं. जानेवारीत खाका तिथे फाटला होता. चाचांनी मागून टेप लावली, टेपवर भोकं नीट पडली नाहीत आणि पायाची रेघ एका गव्हाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकली. पहिल्या चौदा ब्लाउजांवर तो पाय सरळ आहे, पंधराव्यापासून मोडलेला. मी स्वतः काढलेलं चित्र, पण हे माझ्या नजरेत कधी आलं नव्हतं. आणि दुकानातल्या मशीनच्या ब्लाउजवरही तिसऱ्या पक्ष्याचा पाय नेमका तिथेच, तेवढाच मोडलेला होता.

दिवाळीत विकायला काढलेल्या मालावर जानेवारीत फाटलेल्या कागदाची खूण कशी येईल? चाचांनी त्या दिवशी मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, ‘खाका फट गया, टेप लगाऊँ या नया बनाऊँ?’ तो मेसेज तारखेसकट फोनमध्ये होता. फोनमधला पुरावा कोर्टात चालावा म्हणून तुम्ही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तयार करायला घेतलंत आणि मला बजावलंत की हा फोन विकायचा नाही, बदलायचा नाही, दुरुस्तीलाही द्यायचा नाही.

ॲपवरची तक्रार तुम्ही कॉपीराइट नियमावलीतल्या ७५ व्या नियमाखाली केलीत. तक्रार नीट असेल तर ३६ तासांत तो मजकूर बंद करावा लागतो, पण तो २१ दिवसच बंद राहतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. दावा लावण्याची हमीही तक्रारीतच द्यावी लागते. तुम्ही दाव्याचा मसुदा तयार ठेवलात. हक्कदार जिथे राहते तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, त्यासाठी दुसरीकडे धावावं लागत नाही, हेही तेव्हाच कळलं. सतराव्या दिवशी दुकानदार त्याच्या वकिलांबरोबर आला. खाका आणि मोडका पाय पाहिला. फार बोलला नाही. डिझाईन पुन्हा वापरणार नाही, उरलेला माल विकणार नाही आणि मशीनची फाइल पुसून टाकेन, असं लिहून सही केली. नुकसानभरपाई मिळाली नाही. मिळेलच अशी आशा तुम्ही कधी दाखवलीही नव्हती.

तुम्ही मला माझं काय नाही, तेही सांगितलंत, त्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. ब्लाउजचा कट, पाठीची गाठ, बाहीची लांबी माझी नाही. रोहित पक्षी माझे नाहीत. उद्या कुणी आपल्या हाताने आपल्या मांडणीत ते काढले तर मला तक्रार करता येणार नाही. पैठणीचा मोर तर कुणा एकीचा नाहीच, पैठणीला भौगोलिक मानांकन आहे आणि ते तिथल्या सगळ्या विणकरांचं आहे. माझी आहे ती फक्त त्या पाच पक्ष्यांची ती मांडणी. हे ऐकून आधी वाईट वाटलं होतं. पण खरं सांगते, त्यामुळेच त्या टेबलावर मी ताठ बसू शकले.

आधी मी एका बुटिकला एकेक करून डिझाईन काढून द्यायचे. दर चित्राला पैसे, कागदपत्र काही नाही. पगारी नोकरीत काढलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, मालकाचं होतं. पण मी नोकरीत नव्हते, त्यामुळे लिहून सही करून दिल्याशिवाय ती चित्रं माझीच, हे तुम्ही सांगितलंत. हक्क लिहून दिला आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, हेही. बायांनो, या दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

रोहित पक्ष्यांचे ब्लाउज आता चव्वेचाळीस झालेत. हे डिझाईन इन्स्टाग्रामवर आधीच जाऊन आलेलं, म्हणून ते ‘नवीन’ राहिलं नाही आणि डिझाईन्स कायद्याखाली नोंदवता येणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. एका दुकानाने दोनशे पीस मागितले होते. मी नाही म्हटलं. ते पन्नासवर थांबणार.

पुढचं डिझाईन मात्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे करते आहे. आधी नोंदणीचा अर्ज, मग फोटो. मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयातही अर्ज देता येतो, तपासणी कोलकात्याला होते, एकट्या व्यक्तीला फी हजार रुपये, हक्क दहा वर्षांचा आणि पुढे पाच वर्षं वाढवता येतो. अर्जासाठी वस्तूंचे जे वर्ग आहेत, त्यातल्या पाचव्या वर्गात भरतकामाला स्वतःची जागा आहे, हे वाचून मला किती बरं वाटलं ते चाचांनाच माहीत.

नवं चित्र तयार आहे. मुलीने तारीख टाकली आहे. त्यावर काय आहे ते इथे लिहीत नाही, कुणाला दाखवलेलंही नाही. चाचांशी करायच्या लेखी कराराचा कागद तुम्ही मागितला होता, त्यासाठी ते पण येणार आहेत. सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघं कोर्ट नाक्यावर असू.

तुमची कृतज्ञ,
चरईतली ब्लाउजवाली ताई
ठाणे