खाडीला दिलेला शब्द पाळा

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्राचा नारळ तुम्ही फोडलात. प्रयोगशाळेतलं जांभळं पाणी काचेच्या नळीत घालून अतिनील दिव्यापुढे ठेवलं होतं. भाषणं संपेस्तोवर ते नितळ झालं. गणपतीआधी यंत्र चालू होईल, असा शब्द तुम्ही दिलात. मीही टाळ्या वाजवल्या. आता शिमगा सरला.

परवा ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत उतरले, तर दवाखान्याकडून येणाऱ्या पऱ्याच्या (ओढ्याच्या) तोंडाशी चिखलावर तोच जांभळा ओघळ. घोट्याला लागलेला रंग दोन दिवस घासूनही निघाला नाही. हाताची सालं जातायत. भेगांत खारं पाणी गेलं की रात्रभर आग होते, औषधाला दोनदा पैसे घातले. बाजारात बायका विचारतात, "दवाखान्याकडच्या नाहीत ना?" मला खोटं बोलवत नाही. वाटे तसेच टोपलीत भरून घरी आणते. बारा वर्षं याच खाडीवर माझी चूल पेटली.

चौकशी केली. दिवे गेलेत, हायड्रोजन पेरॉक्साइड संपलंय, चावी ठेकेदाराकडे. टाकीत हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, ओततात आणि पाणी पऱ्यात सोडतात. त्यानं जंतू मरतात, पण प्रतिजैविकं नि रंग पुरते मोडत नाहीत, उलट घाणीशी क्लोरीन मिळून नवी विषारी द्रव्यं होतात. यंत्रात मात्र अतिनील प्रकाशानं पेरॉक्साइड फुटतं, त्यातून निघणारी हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे फार तिखट असे कण, औषधाचा रेणूच तोडतात. आधी गाळ बसवायचा, कारण गढूळ पाण्यात प्रकाश शिरत नाही. हे सगळं त्या दिवशी तुमच्याच अभियंत्यानं मला उभ्या उभ्या समजावलं. मग दिवे बदलायला पैसे कुणी ठेवायचे होते?

यंत्र घ्यायला निधी असतो, चालवायला नसतो. सगळ्या कोकणात हेच. लोटे-परशुरामच्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीतले भोई किती वर्षं ओरडतायत! तुमची सरकारं बदलली, खाडीत येणारं पाणी बदललं नाही. आम्ही मतं द्यायची, अर्ज द्यायचे, आणि शेवटी मासेही आमचेच मरायचे?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलंय: रुग्णालयाच्या सोडलेल्या पाण्यात, दुसरं पाणी न मिसळता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. ही चाचणी त्या पाइपाच्या पाण्यावर, आम्हा गावकऱ्यांसमोर करा. मासे मी आणते.

आपली,
खाडीत तिसऱ्या काढणारी एक बाई