सूचना : रविवारचे शिधावाटप

संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सर्व सभासद बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार.

यंदा, २०२६ मध्ये, आपला उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि लगेच रमजानही लागला. आपल्या उपवासकाळातला शिधा या वेळी काम सुटलेल्या मुस्लिम कुटुंबांना द्यायचा आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या सभागृहात जमावे.

कोरडा शिधाच न्यायचा : तांदूळ, कणीक, तूरडाळ, तेल, साखर, खजूर. पहाटे सहेरीला, संध्याकाळी रोजा सोडताना इफ्तारला काय रांधायचे ते त्या घरच्या बायका ठरवतील. शिजवलेले मटण-चिकन कोणी आणू नये, हलालची खात्री आपण देऊ शकत नाही.

पिशवीत प्रार्थनापत्रके, क्रुसाची चित्रे घालू नयेत. फोटो तर अजिबात नको. मुलांसमोर आईबापांचा मान राहिलाच पाहिजे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेल्या आपल्या सोसायटीची रीत गरजूंच्या घरी जाऊन भेटण्याची आहे, आणि मदत करताना धर्म पाहायचा नाही हा तिचा नियम आहे. तो मनापासून पाळू या.

रोजा असलेल्या घरी पाणी मागू नये. ते चहा विचारतीलच, प्रेमाने नको म्हणावे.

टेम्पो किंवा रिक्षा देऊ शकणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावे.

– चिटणीस