की-बोर्ड खराब नव्हता, केबल चुकीची होती

संपादक साहेब, नमस्कार. पोरीसाठी बर्डीच्या बाजारातून गाणी वाजवायचा की-बोर्ड आणला, कॉम्प्युटरला जोडला तर दोन दिवस नुसती शांतता, दुकानदार म्हणे पीसच खराब असंल, पोरगी रडकुंडीला आली, अन् शेवटी निघाली काय तर केबल, फक्त चार्जिंगची होती ती, डेटाच जात नव्हता! वर ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी, म्हणजे की-बोर्डवरून कॉम्प्युटरला जाणारे वाजवण्याचे संकेत, रेकॉर्डच होत नाही, त्याला एलएमएमएस किंवा रीपर असं संगीताचं सॉफ्टवेअर लागतं, कारण मिडीतून आवाज जातच नाही, कोणती पट्टी किती जोरात दाबली ते ० ते १२७ अशा आकड्यात जातं. सूर उशिरा ऐकू आला तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी कॉम्प्युटर त्याचा जो थोडा साठा करतो तो, कमी करायचा. १९८३ पासूनची पद्धत आहे ही मिडीची, तरी क्लासमध्ये कोणी सांगत नाही. तुमच्या पुरवणीत यावर दर आठवड्याला थोडी जागा द्याच.

– एक पालक, सक्करदरा, नागपूर