फराळाच्या ताटावरून

नागपूर,
6 नोव्हेंबर 2025

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, अन् उचललास तरी मी काय बोलून बसेन याचा मलाच भरवसा नाही. म्हणून कागद घेतला. अजनीला रेल्वेत होतो तेव्हा अर्ध्या शेडची चार्जशीटची उत्तरं मी लिहून द्यायचो, अन् पोरीला चार ओळी लिहायला तीन दिवस लागले. आई म्हणते, माफी मागायची तर मागा अन् पाकीट चिकटवा, पुराण लावू नका.

तर माफी. भाऊबीजेला तू दुसऱ्या अनारशाला हात घातलास, तेव्हा नंदाआत्यासमोर मी म्हणालो की तुझ्या ऑपरेशनसाठी विकलेला बेसा रोडचा प्लॉट उगाच गेला म्हणायचा. असं बोलायला नको होतं. तू ताट सरकवलंस, हात धुतलास, रविवारचं तिकीट रद्द केलंस अन् त्याच रात्रीच्या बसने निघालीस. निघताना पाया पडलीस. ते मला जास्त लागलं. भांडून गेली असतीस तर झोप तरी लागली असती.

वजनाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

तू गेल्यावर आई तुझं कपाट आवरत होती. खालच्या खणात गोळ्या सापडल्या. बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम. तीन पट्ट्या तर उघडलेल्याच नाहीत, अन् मुदत 2023 ला संपलेली. खाली ती निळी फाइल. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट 2021 चा. त्यानंतर तू डॉक्टरांकडे गेलेलीच दिसत नाहीस. पुण्यात कुणाकडे जात असशील तर माझं चुकलं, पण मग तसं कळव.

धनत्रयोदशीला पणत्या लावताना तू पाय झटकलास, आठवतं? "बाबा, तळपायाला मुंग्याच येऊन राहिल्या आजकाल." मी म्हणालो, मांडी घालून बसू नको. तेव्हापासून त्या मुंग्या माझ्या डोक्यात आहेत.

परवा मी माझ्या शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो. नाव तुझं सांगितलं नाही, एका ओळखीच्या मुलीचं स्लीव्हचं, म्हणजे वजनासाठी पोट लहान करायचं, ऑपरेशन 2017 ला झालं एवढंच म्हणालो. ते हसले, त्यांना कळलं. म्हणाले, पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढला की बी-ट्वेल्व्ह अंगी लागायला पोटातून जे मिळायला हवं तेही कमी होतं. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. मग मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, गोळ्या जन्मभर. मुंग्यांना दुसरीही कारणं असतात म्हणाले, पण आधी हे बघा. हे सगळं तुला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं, मीही तिथेच बसलो होतो. पण माझं लक्ष काट्यावर होतं.

अन् न विचारता ते आणखी एक बोलले. दोन-तीन वर्षांनी थोडं वजन परत येणं पुष्कळांचं होतं, त्याला ऑपरेशन फसलं म्हणत नाहीत. वजन उतरलं की शरीर काटकसरीला लागतं, एकाच पगारात चालणाऱ्या घरासारखं, कमी खर्चात भागवायला शिकतं. कापलेल्या भागातून भुकेचं ते घ्रेलिन की काय निघत होतं, ते आधी खूप कमी होतं, पण पुढे काहींची भूक परत येते. उरलेली नळीही सैल पडते. मग त्यांनी मला विचारलं, "तुमची शुगर सहा वर्षं गोळीवर होती, आता इन्सुलिन लागतं. तुमच्या मुलीने कधी म्हटलं का, गोळ्यांचे पैसे पाण्यात गेले?"

मी चष्मा पुसत बसलो.

बघ, ठरवलं होतं एक अक्षर नाही, अन् अर्धं पान भरलं. पण मला काळजी त्या आकड्याची नाही गं. तू आकड्याच्या लाजेने डॉक्टरकडे जाणं सोडलंस, याची आहे. काट्यावर उभं करतील, फाइल बघतील, मान हलवतील. माझ्यासारखी. म्हणून गेली नाहीस ना? खरं सांग.

तुला आठवतं का, स्टेशनवर ते लाल-हिरवे दिवे लागणारं वजनाचं मशीन होतं? मी ड्यूटीवरून यायचो अन् तू आईचा हात धरून प्लॅटफॉर्मवर उभी असायचीस. नाणं टाकलं की चाक फिरायचं अन् जाडसर तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला हिंदीत भविष्य. वजनाकडे तू ढुंकूनही बघायची नाहीस. भविष्य वाचून दाखवा म्हणून मागे लागायचीस. एकदा निघालं, तुम्ही मिलनसार आहात. तू विचारलंस, "मिलनसार म्हणजे खाऊ मिळणार का, बाबा?" तिथला हमालसुद्धा हसला. ती तिकिटं तू माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात ठेवायचीस. घर अजून आहे, तिकिटं मात्र गेली कुठे कोण जाणे. त्या मशीनवर तू नाचत चढायचीस.

मग तू नाचायची बंद कधी झालीस ते मला कळलंच नाही. आईला माहीत असेल. अमरावतीच्या त्या लोकांनी फोटो परत पाठवला तेव्हा तू काही बोलली नाहीस, अन् आठ दिवसांनी ऑपरेशनचं कात्रण तुझ्यासमोर मीच ठेवलं. तू म्हणालीस, करू या. तू ते स्वतःसाठी केलंस की माझा चेहरा बघून, हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही. 112 किलो होतीस, शुगर सुरू झाली होती, गुडघे बोलत होते, हे सगळं खरं. पण मी त्या दिवशी गुडघ्यांचा विचार करत नव्हतो.

ऑपरेशननंतर मात्र तू कमाल केलीस. तीस मिलिलिटरच्या त्या इवल्या कपातून घोट घोट वरणाचं पाणी, अन् तरी आईला म्हणालीस, मीठ जास्त झालं. तीन-चार महिन्यांनी मी शनिवारी गोकुळपेठेतून तर्री-पोहे आणले तर दोन चमचे खाऊन तू चमचा ठेवलास. मी मागे लागलो, अजून एक घास खा, एवढ्याने काय होते! म्हणजे बघ, माझं तोंड तेव्हाही गप्प नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात रामटेकला गडाच्या पायऱ्या तू माझ्या आधी चढलीस अन् वर पाण्याची बाटली घेऊन उभी राहिलीस. मी धापा टाकत होतो. माझी पोरगी, मी शेजारच्या बाईंना सांगितलं, ओळख ना पाळख. घाटे मास्तरांनाही तो फोटो दाखवला. आता वाटतं, मी इतका मिरवलो नसतो तर आज तुला लपावं लागलं नसतं.

आता माझंही ऐक. मी खर्रा, ती तंबाखू-सुपारी, सोडला होता, माहीत आहे ना? देशमुखकाकांचं तोंड उघडेनासं झालं तेव्हा, 2015 ला. तू पेढे वाटलेस. स्वाती, 2019 पासून तो परत सुरू आहे. दिवसाला एक पन्नी, स्कूटरच्या डिक्कीत. आईला माहीत असावं, डिक्कीची चावी ती हल्ली मागत नाही. तुझ्या पोटातली अर्धी गोष्ट तरी हार्मोनची आहे, माझी निव्वळ टपरीवरची आहे. अन् अनारशावरून बोललो मी.

रात्रपाळीचं काही करता येईल का बघ. अमेरिका जागी म्हणून तू जागी, अन् रात्री दोनला चिवडा. डॉक्टर म्हणाले, पोळी-भाजी या पोटात अडते, थोड्यात भरल्यासारखं होतं. शेव, चिवडा, आइस्क्रीम सरसर उतरतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं चरलं की हिशेब लागत नाही. आधी डाळ-उसळ-अंडं, मग बाकीचं. जेवताना पाणी नको. झोप तर पाहिजेच. अन् तू दोन उश्या घेऊन झोपतेस ते मी पाहिलं, छातीत जळजळतं ना? ते पण सांगायचं त्यांना. अन् यंदा ती आठवड्याला एक घ्यायची इंजेक्शनं निघालीत, काही ऑपरेशनवाल्यांना देतात म्हणे, पण बंद केली की पुन्हा...

झालं, प्रवचन सुरू. माफ कर. इंजेक्शनचं तू अन् तुझे डॉक्टर बघा, मी त्यात नाही. रक्ताचं तेवढं कर. उपाशीपोटी जा, बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, अन् ते शुगरचं तीन महिन्यांचं. काट्यावर चढायचं नसेल तर नाही म्हण, रक्त तसंही घेतात. रिपोर्ट मला पाठवू नकोस हवं तर. सोनूला पाठव, तो मला फक्त बरं आहे की नाही एवढं सांगेल.

आईने पार्सल केलंय. सांबारवड्या तळलेल्या आहेत, टिकणार नाहीत, पोचल्या की खाऊन टाक. फल्लीची चटणी आहे. अनारसे मी घालू का विचारलं तर आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. घातलेत. चार. जुन्या पट्ट्या मी फेकल्या, त्या शोधू नकोस.

मुंग्या एका पायाला येतात की दोन्ही? डॉक्टरांनी विचारलं होतं अन् मला सांगता आलं नाही. एवढं तरी कळव.

तुझा,
बाबा