ओहोळावर माणूस बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की धबधब्यांवर जाण्यास मनाई केल्याची बातमी दरवर्षी आपल्या दैनिकात येते. यंदाही ती वाचली आणि हे पत्र लिहायला घेतले. मी निवृत्त शिक्षिका आहे. गेली तीस वर्षे दर पावसाळ्यात त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत पायी फिरते. आमचा बारा-पंधरा बायकांचा गट आहे, त्यातल्या काही जणी आता आजी झाल्या आहेत. ज्या काळजीपोटी मनाई होते ती काळजी मलाही आहे. पण नुसत्या मनाईने लोक थांबलेले मी पाहिले नाहीत. ज्या वाटेवर पोलीस उभे असतात ती वाट सोडून ते शेजारच्या अनोळखी ओढ्यात उतरतात, आणि तिथे काही झाले तर हाक ऐकायलाही कुणी नसते.

आपण नाशिककर एक चूक हमखास करतो. शहरातल्या पावसावरून डोंगरातल्या पावसाचा अंदाज बांधतो. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो ३००० मिलिमीटरच्या वर जातो. गंगापूर रोडला भुरभुर असते म्हणून पोरांना गाडीत घालून निघालेला माणूस अंजनेरीच्या पुढे गेला की त्याला समोरचा रस्ता दिसेनासा होतो. तरी तो दिसणारा पाऊस. खरा घात करतो तो धबधब्याच्या माथ्यावर, पठारावर पडणारा पाऊस. आपण खाली दरीत उभे असतो, डोक्यावर कधी कधी ऊनही असते, आणि वर ढगात काय चालले आहे याचा पत्ता नसतो.

हे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे, थरावर थर बसून झालेले. म्हणून तर कड्यांना पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवरून पाणी उडी घेते. पण वर आहे तो काळा कातळ आणि त्यावर वीतभर माती. जुलैत ती माती पाणी पिऊन फुगली की पुढचा पाऊस मुरत नाही, सगळा एका घळीत गोळा होतो. घोट्याएवढा ओहोळ दहा-पंधरा मिनिटांत कमरेएवढा होतो तो असा.

मला हे पुस्तकातून कळले नाही. वीसेक वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही त्र्यंबककडच्या एका धबधब्याला निघालो होतो. वाटेत एक ओहोळ ओलांडायचा होता. पाणी नितळ, तळाचे गोटे दिसत होते. पलीकडे गुरे घेऊन इरले पांघरलेले एक बाबा उभे होते. त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवले. "बाई, आता उतरू नका. वर लई पडतोय." आमच्या अंगावर थेंब नव्हता. मी त्यांच्याशी वाद घातला, "बाबा, आम्ही लगेच परत येतो," असे मी म्हणाले. त्यांनी ओहोळाच्या मधला एक धोंडा दाखवला. "त्यो धोंडा बघा, म्हशीवानी. त्याची पाठ बुडाली का आम्ही ढोरं बी घालीत नाही."

आम्ही नाइलाजाने काठावर बसलो. आधी पाण्याचा रंग बदलला, दूध घातलेल्या चहासारखा झाला. मग पाने, काटक्या, गवताचे पुंजके वाहत आले. मग आवाज. तो आवाज मी आजही विसरलेले नाही, पोटात गोळा आणणारा. बघता बघता धोंड्याची पाठ दिसेनाशी झाली. ऐकले नसते तर आम्ही त्या वेळी पलीकडे, धबधब्याखाली असतो आणि परतीची वाट त्या पाण्यात असती. पाणी उतरेपर्यंत बाबा पलीकडच्या काठावर बसून होते. आम्ही परत फिरलो तेव्हाच उठले.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर वीसहून अधिक पर्यटक असेच पाणी वाढल्याने अडकले, एक जण वाहून गेला. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले. ते पाहताना मला तो म्हशीसारखा धोंडा आठवत होता. "धोका, पुढे जाऊ नये" हा फलक बारा महिने तिथेच असतो, कोरड्यातही आणि पुरातही, म्हणून तो कुणी वाचत नाही. आत्ता, या घटकेला उतरायचे की नाही, हे सांगणारा माणूस लागतो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. ज्या धबधब्यांच्या वाटेवर ओहोळ ओलांडावा लागतो तिथे जुलै ते सप्टेंबर, निदान शनिवार-रविवार, त्याच पाड्यावरचे दोघे जण बसवावेत. त्यांच्याकडे शिट्टी, दोर आणि शक्य असेल तर माथ्यावरच्या साथीदाराशी बोलायला वॉकीटॉकी द्यावा, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते. आणि गावकरी दाखवतील त्या धोंड्यावर लाल रंगाची ठळक रेघ मारावी. रेघ पाण्याखाली गेली की वाट बंद, मग पुण्या-मुंबईहून कुणी कितीही लांबून आलेले असो. बंद करण्याचा अधिकार त्या दोघांना लेखी द्यावा. नाहीतर गाडीतून उतरलेला माणूस पाड्यावरच्या पोराचे ऐकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचे फार वाईट वाटले आहे.

पैशांचा प्रश्न येईल. काही ठिकाणी वनविभाग आणि गावची समिती मिळून प्रवेशशुल्क घेतेच, त्यातून ही मजुरी निघू शकते. मात्र ती रोख आणि त्याच दिवशी मिळाली पाहिजे. हे दिवस भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे असतात. आवणी सोडून धबधब्यावर बसायचे तर घरात तेवढे पैसे यायलाच हवेत. सेवा म्हणून या, असे कोणी त्यांना सांगू नये.

दोन माणसे बसली तर जंगलाचेही भले होईल. दारूच्या बाटल्यांच्या काचा ओहोळाच्या तळाशी असतात आणि तिथूनच गुरे आणि अनवाणी पोरे जातात. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी. ऐन पावसाळ्यात ती फुलते आणि फोटोसाठी गवतात धावणाऱ्यांच्या पायाखाली येते. आमच्या गटातल्या एकीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती गुडघ्यावर बसून बराच वेळ नुसती बघत राहिली होती. मनाई झाली की असे बघणारेच घरी राहतात. ज्यांना धिंगाणा घालायचा असतो ते येतातच.

आपल्या मुलांनी डोंगरातला पाऊस पाहिलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. गोदावरी नळातून येत नाही, ती ब्रह्मगिरीच्या कातळावरून उतरते, हे मी वर्गात खडूने किती वेळा काढून दाखवले असेल. त्र्यंबकजवळच्या पहिने गावाच्या धुक्यात उभे राहिल्यावर ते त्यांना एका क्षणात कळते.

पुढच्या वर्षीचा पाऊस येण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये ओहोळ कोरडे असताना, वनविभागाच्या आणि ग्रामपंचायतीच्या लोकांनी पाड्यांवरच्या जाणत्यांना सोबत घेऊन ही वाट एकदा चालावी आणि धोंडे ठरवावेत. मला थांबवणारे ते बाबा आता नाहीत. त्यांचा नातू त्याच उतारावर गुरे चारतो, आणि कोणता धोंडा, हे त्यालाही ठाऊक आहे. गेल्या श्रावणात मी त्याला विचारले होते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक