डोंगराची कातडी सोलून झाडे लावणाऱ्यांस: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री (वने),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेतील एका उतारावर यंत्राने खोदलेले चर, जाळलेला पालापाचोळा आणि त्यापायी वाहून गेलेली माती.

माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यातल्या ग्रामसभेत आपल्या खात्याने शब्द दिला होता की डोंगरावर यंत्र चढणार नाही. चर माणसे लावून खोदू, आणि तेही जिथे झाडोरा नाही तिथेच. मे महिन्यात पोकलेन चढला. धावडा, सालई, बोर आणि टेंभुर्णीची खुरटी झुडपे उपटून त्यांचे ढीग केले, ढीग पेटवले आणि वर चर ओढले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या ओढ्याला चहासारखे पाणी आले आणि तासाभरात ओढा पुन्हा कोरडा झाला. कोणते परिमंडळ, कोणता कक्ष ते लिहीत नाही. लिहिले तर बदली वनरक्षकाची होईल आणि यंत्र तिथेच राहील.

आम्ही माती-पाणी तपासण्याचे काम करतो, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

आपल्या नोंदवहीत तो उतार "निकृष्ट वन" होता. खात्याला तिथे झाडे दिसली नाहीत, कारण खाते वर बघत होते. खरे रान पायाखाली होते: सगळ्यात वर चालू वर्षाचा पाला, त्याखाली अर्धवट कुजलेला, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी विणलेला थर, त्याखाली चार बोटे काळपट, कणीदार माती आणि मग मुरूम. या चार बोटांवर सगळे चालते. वाळका पाला स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट पाणी धरतो आणि पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतो. उघड्या मातीवर तोच थेंब कण फोडतो, फुटलेली चिकणमाती छिद्रांत बसते आणि वर पापडी धरते. एकदा पापडी धरली की पाणी मुरायचे सोडून पळते.

कण टिकतात कशाने, तर बुरशीचा चिकटा, बारीक मुळ्या आणि कुजलेल्या पाल्याचा गर यांच्याने. आपला दगड बेसॉल्ट, त्यामुळे मातीत कॅल्शियम मुबलक, आणि हा कॅल्शियम चिकणमाती व सेंद्रिय पदार्थ यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. निसर्गाने सिमेंट फुकट दिले आहे, महोदय. फक्त सेंद्रिय पदार्थ जागेवर राहू द्यायचा होता.

आता आपल्या चरांचा हिशेब. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल असा सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवा, एकाच पातळीत जाणारा चर, दर 10 मीटरवर घेतला, तर हेक्टरी 1000 मीटर लांबी होते. त्यात मावणारे पाणी 180 घनमीटर, म्हणजे 1 लाख 80 हजार लिटर, म्हणजे 18 मिलिमीटर पाऊस. उलट वरची माती आणि खालचा मऊ मुरूम मिळून 30 सेंटिमीटर जाडीच्या सच्छिद्र थराचा पाचवा हिस्सा पोकळ धरला, तर त्याच्यात 60 मिलिमीटर पाऊस मावतो. हेक्टरी 6 लाख लिटर. दिवसात 65 मिलिमीटर पडला की तुमच्या कागदावर अतिवृष्टी होते. म्हणजे तुमची अतिवृष्टी ती जमीन जवळजवळ एका दमात गिळू शकते. हे पोट फाडून तुम्ही 18 मिलिमीटरची वाटी बसवलीत, आणि तीही काही पावसाळ्यांत गाळाने भरते. हिशेब तोंडी मांडला आहे, चूक निघाली तर खात्याच्या अभियंत्यांनी जरूर कळवावे. निदान पत्राला उत्तर तरी येईल.

चराला आमचा विरोध नाही. उघड्याबोडक्या, मुरमाड उतारावर चर हवाच. पण आखणी नळी लेव्हल किंवा ए फ्रेम अशा समपातळी दाखवणाऱ्या साध्या साधनांनी आधी करायची, दर काही मीटरवर न खोदलेला आडबांध सोडायचा, वरची माती वेगळी काढून शेवटी भरावावर पसरायची. इथे आखणी ड्रायव्हरच्या नजरेने झाली. चर एका टोकाला वीतभर उतरता, आडबांध नाहीत. सगळे पाणी खालच्या टोकाला गोळा होऊन तिथून फुटले आणि पुरुषभर खोल घळ पडली. बकेटने काळी माती तळाशी गेली, मुरूम वर आला, आणि त्या मुरमावर आता गवताचे पातेही धरत नाही. जिथे यंत्राचे पट्टे फिरले तिथली माती इतकी दडपली की पहार टणकन वाजते.

जाळण्याचे तर विचारूच नका. आपल्याकडचे रान पानगळीचे, पाला पडतो हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत, आणि ओल नसल्याने जूनपर्यंत कुजत नाही. पाऊस आला की वाळवी, गांडुळे आणि बुरशी त्यातल्या बऱ्याच भागाचा फडशा पाडतात. त्याआधी आग लावणे म्हणजे खळ्यावर रास पडलेली असताना काडी टाकणे. पाल्यातला बहुतेक नायट्रोजन धुराबरोबर जातो. मागे उरते राख, म्हणजे कॅल्शियम आणि पोटॅशियमचे क्षार. कोकणातल्या आंबट मातीला राख मानवते. आमच्या चुनखडीच्या मातीचा सामू (पीएच) मुळातच 8 च्या आसपास, त्यात राख पडली की लोह आणि जस्त मुळांना मिळेनासे होतात, स्फुरद (फॉस्फरस) चुन्यात अडकून बसतो. मग रोपांवर केवडा पडतो, पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, आणि तपासणीला आलेले साहेब म्हणतात, पाणी कमी पडले. शिवाय जळालेल्या पाल्यातले मेणचट पदार्थ वरच्या थरात बसतात, मुरमाड जमिनीत जास्त. ड्रॉपरने एक थेंब टाकून बघा. पाच सेकंदांनंतरही तो मोत्यासारखा बसून राहिला, तर ती माती पाण्याला नको म्हणते आहे.

वणवे आमच्यातलेही लावतात, कोवळ्या गवताच्या आशेने. हे झाकून ठेवणार नाही. पण मार्चच्या वणव्याला जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, फेब्रुवारीच्या मध्याआधी साफ व्हावी लागते, आणि आमच्याकडे तिची मजुरी मंजूर होऊन येते ती वणवा विझल्यावर.

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. 45 सेंटिमीटरच्या खड्ड्यात साधारण 91 लिटर माती मावते. मुरमात खणलेल्या खड्ड्यात खालून आणलेली काळी माती ठासली की ती कुंडी होते. पावसाळ्यात पाणी साचून मूळ सडते, उन्हाळ्यात माती आकसून भेगा पडतात आणि उरलेले मूळ तुटते. वाफसा, म्हणजे मुळांना हवा आणि ओल दोन्ही मिळण्याची स्थिती, येतच नाही. त्याच जागेची वरची माती, मुरमाचा बारीक चुरा आणि कुजलेला पाला एकत्र करून भरायला पैसा लागत नाही. पण वरची माती तर तुम्ही गाडून टाकलीत.

आता पैशाची गोष्ट. सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यातल्या जमिनी खरडून गेल्या, तेव्हा सरकारने हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंत जाहीर केले. वीतभरापेक्षा कमी, 15 सेंटिमीटर माती गेली असे धरा. हेक्टरी सुमारे 1950 टन. पूर्ण मदत मिळाली तरी किलोला 18 पैसे. मिठाची पुडी महाग आहे. आणि त्या शेतावर आलेला लोंढा सगळा आकाशातून थेट पडला नव्हता, त्यातला काही डोंगरावरूनही उतरला होता. उलट दुष्काळात, 2016 च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे, जलदूत, आली, 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. फोटो देशभर छापून आले. 5 लाख लिटर म्हणजे एका हेक्टरवर पडलेला 50 मिलिमीटर पाऊस, त्याला ना इंजिन लागते ना फीत कापायला मंत्री.

2016 ते 2019 या चार वर्षांत वृक्षलागवडीची उद्दिष्टे होती 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी, 33 कोटी. आकडा चढत गेला, आणि एकाही वर्षी मातीतल्या सेंद्रिय कर्बाचे (कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून साठलेल्या कार्बनचे) उद्दिष्ट आमच्या वाचनात आले नाही. 1988 च्या वननीतीत 33 टक्के भूभाग झाडांखाली हवा असे लिहिले आहे. लातूर जिल्ह्यात जंगल 1 टक्काही नाही. आहे तेवढ्यावर तरी यंत्र घालू नये, एवढी अक्कल कोणत्या वेतनश्रेणीपासून येते?

भांडण एकट्या तुमच्याशी नाही. पाला वनखात्याचा, माती कृषीची, चर मृदसंधारणाचा, चराखालचे पाणी भूजलवाल्यांचे. डोंगराचे चार तुकडे चार टेबलांवर ठेवले आहेत आणि आम्ही चारही टेबलांपुढे रांगेत उभे. 2015 पासून शेताला मृद आरोग्य पत्रिका मिळते. ज्या डोंगरावर त्या शेताची विहीर जगते, त्याला पत्रिका नाही. एका टेबलावर तर विचारले, जंगलाच्या मातीचा सातबारा कुणाच्या नावे आहे?

मागणी एवढीच. कोणत्याही रोपवनाआधी आणि नंतर तिसऱ्या वर्षी तीन मोजमापे घ्यावीत आणि ती ग्रामसभेत फळ्यावर लिहावीत.

पहिले, पाला. अर्ध्या मीटरची चौकट टाकून आतला पाला गोळा करावा, वाळवून वजन करावे.

दुसरे, कर्ब. 0 ते 15 आणि 15 ते 30 सेंटिमीटरचे नमुने वेगळे, सावलीत वाळवलेले. प्रयोगशाळेतली नेहमीची डायक्रोमेट रसायनाची पद्धत चालेल, पण नमुना जळक्या जागेचा नको. कोळशाचा काही भागही त्यात कर्ब म्हणून मोजला जातो आणि जाळलेली जमीन कागदावर सुपीक ठरते. सोबत मातीची घनता हवीच. नुसता टक्का सांगणे म्हणजे दुधाचा फॅट सांगून लिटर न सांगणे.

तिसरे, मुरण्याचा वेग. 30 सेंटिमीटर व्यासाचे लोखंडी कडे 10 सेंटिमीटर जमिनीत ठोकावे, बाहेर दुसरे मोठे कडे, तेलाच्या पिंपाचा कापलेला तुकडा चालतो. दोन्हीत पाणी एकाच पातळीवर ठेवावे, नाहीतर आतले पाणी आडवे पळते आणि आकडा फुगतो. पातळी उतरण्याचा वेग सलग तीन-चार वाचनांत सारखा येईपर्यंत थांबावे. उन्हाळ्यातल्या भेगाळ जमिनीवर ही चाचणी करू नये. पाणी भेगेत जाईल आणि कुणीतरी त्याचेही यशोगाथेत रूपांतर करील.

पत्रासोबत दोन पुड्या पाठवत आहोत. एकीत यंत्र न पोहोचलेल्या बोरीच्या बुडाचे ढेकूळ, दुसरीत चराच्या भरावाचे. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन एकेक हळूच सोडा आणि दहा मिनिटे बघा. ढेकळे खडखडीत वाळलेली हवीत. वाटेत ओली झाली, तर दोन्ही सारखीच टिकतील आणि तुमचे सचिव म्हणतील, साहेब, काही फरक दिसत नाही.

आपले,
बालाघाटातील माती-पाणी तपासणारे काही नागरिक