पेन्शनचा पैसा आणि कंपनीचा शेअर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी म्हटली की आमच्या गुहागर-चिपळूणकडे अजून दाभोळचा वीज प्रकल्पच आठवतो (नाव दाभोळचं पण प्लांट खाडीच्या या अंगाला, अंजनवेलला). मी वीज खात्यातून रिटायर झालेलो, त्यामुळे तो विषय निघाला की आम्ही तासभर बोलू शकतो. पण अमेरिकेत एन्रॉनच्याच कर्मचाऱ्यांचं काय झालं हे आपल्याकडे फार कुणी बोलत नाही.

तिकडे ४०१ के नावाचा रिटायरमेंट फंड असतो, थोडे पैसे पगारातून कापतात, थोडे कंपनी घालते. एन्रॉन आपला वाटा स्वतःच्याच शेअरमध्ये द्यायची आणि तो वयाच्या पन्नाशीपर्यंत विकता यायचा नाही. ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरच्या आसपास होता, पुढच्या वर्षी नोव्हेंबर संपता संपता एक डॉलरच्या खाली, आणि २ डिसेंबर २००१ ला दिवाळं. मधे शेअर घसरत असताना फंडाचा कारभार दुसऱ्या कंपनीकडे देतोय म्हणून काही दिवस खाती गोठवलेली, म्हणजे विकायचं म्हटलं तरी विकता येईना. आणि सप्टेंबरात चेअरमन केन ले कर्मचाऱ्यांना सांगत होता की शेअर स्वस्तात मिळतोय. नोकरी गेली त्याच महिन्यात म्हातारपणाचा पैसाही गेला.

मला खटकतं ते हे की अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे, जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ठरलेली पेन्शन देणाऱ्या फंडाला मालकाच्या कंपनीत १० टक्क्यांच्या वर गुंतवता येत नाही. पण ४०१ के ला ती मर्यादा नाही, कारण म्हणे तिथे माणूस स्वतः निवडतो. एन्रॉननंतर २० टक्क्यांची मर्यादा घालायचं बिल आलं होतं, ते बारगळलं. २००६ च्या कायद्याने एवढंच झालं की कंपनीने दिलेला शेअर तीन वर्षं नोकरी झाली की विकायची मुभा मिळाली. मुभा ठीक आहे हो, पण विकतंय कोण? एन्रॉनमध्ये कित्येकांनी तो शेअर स्वतःच्या पैशाने हौसेने घेतला होता. रोज जिथे जातो, जिथल्या साहेबावर भरवसा असतो, ती कंपनी बुडेल असं कुणाला वाटतं? म्हणून मुभेवर न थांबता १० टक्क्यांचा नियम ४०१ के लाही लावायलाच हवा असं माझं मत आहे.

आपल्या पीएफला लोक नावं ठेवतात, पण कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असला तरी पैसे कुठे घालायचे ते सरकारच ठरवून देतं, आणि व्याज कमी पडलं तर मालकाने भरून द्यायचं. हे कंटाळवाणं आहे पण झोप लागते.

हे लिहायचं कारण म्हणजे माझा पुतण्या तिकडे एका मोठ्या कंपनीत आहे, पगार तिथला, बोनसचे शेअर तिथले, व्हिसाही त्याच नोकरीवर, नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस. गणपतीला आला तेव्हा विचारलं की फंडात कंपनीचा शेअर किती टक्के आहे रे, तर म्हणाला बघावं लागेल काका. परत गेल्यावर दोनदा आठवण केली तेव्हा कुठे व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, ५७ टक्के.

- एक निवृत्त वीज कर्मचारी, चिपळूण